दोन रुंदीची पट्टी

फोन त्यानेच उचलला. रविवारची सकाळ होती, दुसऱ्या चहाचं आधण अजून चढायचं होतं, आणि सरांचा नंबर पाहून त्याने सवयीप्रमाणे पेपर खाली ठेवला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पाठ ताठ केली. पन्नाशी उलटली, स्वतः विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला, तरी सरांशी बोलताना त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. सरांनी प्रकृतीचं विचारलं, स्वतःच्या गुडघ्यांची तक्रार केली, आणि मग म्हणाले, "जरा तिला दे." त्याने "कोणाला?" असं विचारलं, जणू घरात पाच-सहा जणी नांदत होत्या. "अरे, तुझ्या बायकोला. आहे ना घरात?" ती होती. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. त्याने फोन तिच्या हातात दिला आणि टेबलावरचे चमचे उगाचच इकडचे तिकडे करत तिथेच घुटमळला. ती मात्र बोलत बोलत आतल्या खोलीत गेली. अर्धवट लोटलेल्या दारातून "हो सर" ऐकू आलं, "नाही सर, तेवढ्यावर यंत्र ऐकायचं नाही" असं काहीतरी ऐकू आलं, आणि मग ती हसली. मोकळं, पोटातून आलेलं हसणं. सरांचा तो इतक्या वर्षांचा शिष्य, लाडका म्हणून नावाजलेला, पण त्यांच्याशी बोलताना तो एकदाही असा हसला नव्हता. चहा त्याने त्या दिवशी स्वतःच केला आणि फक्त स्वतःपुरता केला.

खरं तर धोंडा त्याने आपल्याच पायावर पाडून घेतला होता. सरांचा मोठा सिद्धांत फरशांबद्दल होता. चौकोनी फरशा घ्यायच्या, कडांना रंग द्यायचे, आणि सारख्या रंगाच्या कडा एकमेकींना भिडवत जमीन भरत जायची, कुठेही न थांबता, चारी दिशांना. ऐकायला पोरखेळ, पण या खेळाने भल्याभल्यांची हयात खाल्ली आहे. सर्वसाधारण फरशांनी जमीन अशी भरता येईल की नाही, याचं उत्तर कुठलंच यंत्र देऊ शकत नाही हे कधीच सिद्ध झालेलं होतं, म्हणून सरांनी त्यातलं जरा शहाण्या स्वभावाच्या फरशांचं एक कुळ निवडलं आणि त्या कुळाचं उत्तर नेहमी देता येतं असं दाखवलं. दाखवलं म्हणजे भलंमोठं बाड लिहिलं. तपासणारे पंडित थकले आणि त्यांनी कळवलं की चूक सापडत नाही, पण खात्रीही देववत नाही. त्याच सुमारास एकदा सर घरी जेवायला आले असताना त्याने गंमत म्हणून सांगितलं होतं की बायकोच्या कंपनीत आता म्हणे यंत्राकडून सिद्धता तपासून घेतात. ती लिफ्टचे प्रोग्राम लिहायची. लिफ्ट समोर नसताना दार कधीही उघडणार नाही, याची खात्री नुसत्या चाचण्यांनी होत नाही, ती सिद्धच करावी लागते. त्यासाठी एक प्रोग्राम असतो, त्याला एकेक पायरी भरवायची, आधीच्या पायरीवरून निघत असेल तरच तो ती गिळतो, नाहीतर ओळीखाली लाल रेघ ओढून बसतो. "म्हणजे आमच्यापेक्षा लिफ्टचं दार जास्त काटेकोर," असं म्हणून तो स्वतःच हसला होता. सर हसले नव्हते, त्यांचा घास हातातच राहिला होता, हे त्याला आता आठवलं.

पुढे दर शनिवारी ती सरांकडे जाऊ लागली. पिशवीत लॅपटॉप, डब्यात सरांना चावतील अशी मऊ बिस्किटं, आणि चालण्यात कॉलेजच्या मुलीची घाई. दोघांचं असं काही गूळपीठ जमलं की एरवी दुपारी झोपणारे सर दुपारी फोन करू लागले. त्यांचा नंबर दिसला की तो आता उचलतच नसे, "तुझ्या सरांचा फोन," म्हणायचा आणि मोबाइल टेबलावरून तिच्याकडे सरकवायचा. तुझ्या सरांचा. हे म्हणताना जिभेला येणारी कडू चव त्याला ओळखीची होती. धाकट्या भावाला जुनी सायकल मिळाली, तेव्हा स्वतःला नवी मिळालेली असूनही हीच चव आली होती. संशय असता तर बरं झालं असतं, असंही एकदा त्याच्या मनात आलं. संशयाला जगात मान आहे, शेजारीपाजारी हळहळतात, मित्र खांद्यावर हात ठेवतात. पण सर ऐंशीच्या घरातले, ती पन्नाशीची, आणि दोघं बसून करतात काय, तर फरशा जुळवतात. याबद्दल कोणाजवळ आणि कुठल्या तोंडाने रडायचं? आणि जळायचं तरी नेमकं कोणावर, सरांनी तिला बोलावलं म्हणून सरांवर, की ती गेली म्हणून तिच्यावर? तो दोघांवर आळीपाळीने जळत होता, आणि जळण्याची पाळी चुकली तर त्याला चुकल्यासारखं वाटत होतं.

एका संध्याकाळी ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. फरशांची एक ओळ म्हणजे यंत्राचा एक क्षण, तिच्यावरची ओळ म्हणजे पुढचा क्षण, म्हणजे जमीन भरत जाणं म्हणजे यंत्र चालत राहणं, आणि फरशी कुठेतरी अडली म्हणजे यंत्र थांबलं. "म्हणजे बघ ना, आपण हिशोब चालताना बघतो, आणि सर तो एकदम आडवा पसरलेला बघतात. काळ नाहीच त्यात. नुसती जमीन." तिचे डोळे चमकत होते. एक चप्पल पायात, एक हातात. त्याने टीव्हीचा आवाज किंचित कमी केला आणि सांगितलं की हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. ती "हो का?" म्हणाली आणि दुसरी चप्पल काढली. पण त्या रात्री जेवताना तो तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघत राहिला. त्याला हे पहिल्यांदा समजलं तो दिवस त्याला लख्ख आठवत होता, वसतिगृहाचा जिना, भिंतीचा चुना लागलेलं कोपर, आणि कोणाला तरी सांगायलाच हवं म्हणून तीन मजले धावत उतरणं. ते समजणं आता त्याच्याकडे होतं, पण ते धावणं नव्हतं. धावणं तिच्याकडे गेलं होतं. हेवा करायचाच तर याचा करावा, असं त्याला स्वच्छ वाटलं, आणि वाटूनही काही उपयोग झाला नाही.

त्याच्या मालकीचं म्हणावं असं जगात एकच होतं, त्या बाडातलं एक प्रमेय. छोटंसंच, पण मोठ्या सिद्धांताचा सगळा भार त्याच्यावर. शहाण्या फरशांच्या कितीही रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या, त्या मध्ये काही फरशा घालून सांधता येतात, एवढंच ते म्हणतं. सव्विसाव्या वर्षी त्याने ते सरांच्या घरच्या खोलीतल्या फळ्यावर मांडलं. एका रुंदीला सांधता येतं हे उघडच होतं. मग कुठल्याही रुंदीवरून एकाने मोठ्या रुंदीवर चढायचं. शेवटचा स्तंभ, म्हणजे फरशांची शेवटची उभी रांग, झाका, उरलेली पट्टी सांधता येते. आता तो उघडा आणि पहिला झाका, हीही सांधता येते. दोन्हींमध्ये मधला भाग सामाईक, म्हणून दोन्ही सांधे एकमेकांशी जुळतात. झालं. खाली त्याने "हे स्पष्ट आहे" असं लिहिलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, आणि वळून पाहिलं. सर बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी मान डोलावली. बस, एकदाच. त्या एका डोलावण्यावर त्याने नोकरी मिळवली, लग्नाचं विचारायचं धाडस केलं, परिषदांमधून मागच्या रांगेत बसूनही मान वर ठेवली. या विषयातली मूठभर माणसं त्या प्रमेयाला त्याच्या आडनावाने ओळखत. त्यानंतर त्याने बरंच काही लिहिलं, सगळं बरोबर होतं आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

मध्ये एकदा तिने त्याला काहीतरी विचारलंही होतं. तो संत्रं सोलत होता. ती समोरच्या खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, आणि पट्टी अगदी अरुंद असेल, दोनच स्तंभांची, तर तुझ्या त्या मधल्या भागाचं काय, असं काहीसं म्हणाली. "तुझ्या" हा शब्द त्याने ऐकला, बाकीचं नीट ऐकलं नाही. इतके शनिवार सरांकडे काढल्यावर आता शिष्याची आठवण झाली होय, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने वर न बघता संत्र्याचा पांढरा धागा काढला आणि म्हणाला, "स्पष्ट आहे." मग तिने लॅपटॉप मिटला आणि त्याच्या पुढ्यातल्या दोन फोडी उचलून खाल्ल्या.

शनिवारी सकाळी पहिल्या वर्षाचा तास होता. हा तास त्याचा आवडता. दरवर्षी याच तासाला तो मुलांना एक खोटी सिद्धता विकायचा, जगातली सगळी बटणं एकाच रंगाची असतात अशी. नाटकी गांभीर्याने तो सुरुवात करायचा. डब्यात एकच बटण असेल तर प्रश्नच नाही. आता समजा, अमुक इतक्या बटणांपर्यंत हे खरं आहे, तर एक बटण वाढवू. एक बाजूला काढा, उरलेली एका रंगाची. ते परत टाका, दुसरं काढा, उरलेली परत एका रंगाची. मधली दोन्हींत सामाईक, म्हणून सगळीच एका रंगाची. मुलं आपापल्या शर्टांकडे बघून हसायची, चूक मात्र पटकन कोणाला सापडायची नाही. मग तो विजयी मुद्रेने फळ्यावर दोनच बटणं काढायचा. आजही त्याने काढली. एक काढलं, एक उरलं. ते परत टाकलं, दुसरं काढलं, एक उरलं. आणि नेहमीचा प्रश्न नेहमीच्या आवाजात विचारला, मधली कुठली? दुसऱ्या बाकावरची चष्मेवाली मुलगी नेहमीच्या ठिकाणी नेहमीचं उत्तर देणार होती, तिने दिलंही, "मधलं काहीच नाही, सर." वर्ग हसला. त्याचा खडू फळ्यावरच टेकलेला राहिला. दोन गोल, त्यांच्यामध्ये काळा फळा. तुझ्या त्या मधल्या भागाचं काय, असं बायको विचारत होती. त्याच्या बोटांना संत्र्याचा वास आला, खरोखर आला. लोकांना ब्रह्मज्ञान सांगून आपण कोरडे पाषाण राहावं ते किती, तर वर्षानुवर्षं, दर जून-जुलैला, हजेरी लावून. एका रुंदीवरून दोनवर चढताना मध्ये सामाईक असं काही उरतच नव्हतं. त्याच्या शिडीची दुसरी पायरीच नव्हती, आणि तिसरीपासून वर सगळी शिडी दिमाखात उभी होती. मुलं हसायची थांबली तेव्हा त्याने खडू ठेवला, बरं वाटत नाही असं सांगितलं आणि तो बाहेर पडला.

सरांच्या घरापर्यंतचा रस्ता तो भराभर चालला. चौकातल्या सिग्नलला थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला नुसती भीती वाटत नाहीये. भीतीखाली एक घाणेरडा आनंदही होता. बाड पडलं तर सरांचा सिद्धांत पडेल, आणि त्यासोबत तिचे ते सगळे शनिवारही पडतील, चमकणारे डोळे आणि मऊ बिस्किटं यांच्यासकट. आपलं घर जळालं तरी चालेल, शेजाऱ्याच्या छपराला झळ लागली पाहिजे, अशातली गत. आपल्या मनाची ही बाजू उघड्यावर पाहून त्याला लाज वाटली, पण पाय हळू झाले नाहीत.

दार उघडंच होतं. सर आरामखुर्चीत, गुडघ्यांवर शाल. ती टेबलाशी, पाठमोरी. दोघांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. त्याने बसायच्या आधीच सांगितलं, "दोनवर अडतंय. माझं प्रमेय. दोन रुंदीला सिद्धता लागूच पडत नाही."

कोणी दचकलं नाही. सरांनी शाल सारखी केली. "अडत होतं," ते म्हणाले. "बस."

तो बसला नाही. ती खुर्ची वळवून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही असता तर त्याला सोपं गेलं असतं. "मी विचारलं होतं तुला," ती हळू म्हणाली.

"माहीत आहे."

"तू स्पष्ट आहे म्हणालास," सर म्हणाले. "ती मला विचारायला आली, मीही तेच म्हणालो. तेव्हा फळ्यासमोर मान डोलावली होती ना, ती कशी मागे घेणार? आपण दोन शहाण्यांनी मिळून एक भोक इतकी वर्षं झाकून ठेवलं. यंत्राला मान डोलावता येत नाही, त्याने लाल रेघ ओढली. आणि हिला काहीच स्पष्ट नसतं, हे हिचं बरं आहे."

त्याने विचारलं की मग मला का नाही सांगितलं, माझं होतं ते, मी केलं असतं. आवाज चढला होता हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं. सर म्हणाले, "केलं असतंस. तिने सांगायचं म्हटलं, मीच म्हटलं मी बोलतो त्याच्याशी. तीनदा फोन केला. तू उचलत नाहीस, तिच्याकडे देतोस."

त्याने खोलीतल्या फळ्याकडे पाहिलं. तोच फळा. खालच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात दोन स्तंभांच्या पट्ट्या काढलेल्या होत्या, शेजारी सरांच्या थरथरत्या अक्षरात बाण. तिने दोन रुंदीची बाब अशी सोडवली होती, आधी हे दाखवलं होतं की दोन रुंदीला सांध्यांचे प्रकार मोजकेच उरतात, आणि मग ते सगळे यंत्राकडून एकेक करून तपासून घेतले होते. सगळे सांधतात. बाड पडलं नव्हतं. ती स्क्रीनवरून खाली खाली नेत त्याला दाखवत होती आणि तो वाचत होता. प्रकार मोजके करण्याची तिची युक्ती पाहून तो क्षणभर सगळं विसरला. पट्टी ती उलटी करून स्वतःवरच ठेवत होती. त्याला हे सुचलं असतं का? सुचलं असतं, कदाचित, त्या संध्याकाळी संत्रं खाली ठेवलं असतं तर. "मजा आली, खरं सांगू?" ती म्हणाली, आणि लगेच ओशाळली. त्या एका वाक्याने त्याला जो हेवा वाटला तो इतक्या दिवसांतला सगळ्यात शुद्ध होता. सर त्याला नको होते, श्रेय नको होतं. आपल्या पट्टीबरोबर तिने काढलेले ते दिवस त्याला हवे होते. ते त्याचे होते, त्याच्या दारात येऊन उभे राहिले होते, आणि त्याने वर न बघता त्यांना परत पाठवलं होतं.

आणि या सगळ्याच्या माथ्यावर, प्रमेयाच्या नावाच्या जागी, त्याचं आडनाव जसंच्या तसं होतं. तिने ते हलवलं नव्हतं. त्याने तिला खुर्चीतून उठायला सांगितलं आणि तो स्वतः बसला. स्वतःचं आडनाव त्याने एकेक अक्षर मागे जात पुसलं आणि तिथे तिचं घातलं, लग्नानंतरही तिने न बदललेलं, ज्यावरून त्याने तिला पूर्वी टोमणेही मारले होते. त्याबरोबर सगळं बाड लाल झालं. खाली जिथे जिथे त्या प्रमेयाला नावाने हाक मारलेली होती, तिथे तिथे यंत्राला ते नाव आता ओळखू येईना. "अरे, काय केलंस," सर खुर्चीतून पुढे झुकले. तिने वाकून सांगितलं की थांब, एका कळीने सगळीकडे बदलता येतं.

"नको," तो म्हणाला. "हाताने करतो."

तो एकेक लाल रेघ शोधत खाली निघाला. दर ठिकाणी आपलं नाव पुसायचं, तिचं लिहायचं, रेघ विझताना बघायची. आपल्या प्रमेयावर किती काय उभं आहे हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. इतक्या वर्षांत त्याने सरांचं बाड आपल्या पानाच्या पुढे कधी नीट वाचलंच नव्हतं. दर वेळी दुखत होतं, आणि दुखणं कमी होत जाईल असं वाटलं होतं तसं ते होत नव्हतं. सर डोळे मिटून पडले होते, झोपले नव्हते. ती त्याच्या मागे उभी होती.

"दोघांचं लिही ना," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "तीनपासून वरचं सगळं तुझंच आहे."

"दोनमध्ये सामाईक काही नसतं," तो म्हणाला. तिला लागावं म्हणूनच तो हे म्हणाला होता.

"नसतंच," ती म्हणाली. "म्हणून तर ते वेगळं सिद्ध करावं लागतं."

त्याचे हात कळांवरच थांबले. स्क्रीनच्या तळाशी अजून काही लाल रेघा उरल्या होत्या. त्याने त्या तशाच सोडल्या आणि तो वर गेला, अगदी वर, दोन रुंदीच्या बाबीच्या सुरुवातीला. जळणं होतं तिथेच होतं. त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्याला न शोभणाऱ्या, विद्यार्थ्याच्या आवाजात विचारलं, "हे कसं?"

"हे तर स्पष्ट..." ती म्हणाली आणि मध्येच थांबली. मग तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.